पावसाळी सहल : वर्णने पुरे, रस्ता सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाचे दोन पाऊस पडले की पुरवण्यांतून बेळगाव-खानापूर भागातल्या सहलींची वर्णने सुरू होतात. हिरवा गालिचा असतो, दुधासारखे धबधबे असतात, धुक्याची दुलई असते. नसतो तो फक्त रस्ता. कुठल्या फाट्यावर वळायचे, कुठली फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल) पाण्याखाली जाते, अंधार कुठे पडू देऊ नये, यातले अक्षरही नसते. मग कोल्हापूर-सांगली-पुण्याकडची एखादी गाडी ओढ्याकाठी रुतते आणि ती ओढायला ट्रॅक्टर शेवटी शिवारातलाच लागतो, तोही ऐन लावणीत. म्हणून एका फेरीची माहिती, वर्णन बाजूला ठेवून, आपल्या सदरात द्यावी ही विनंती.

फेरी अशी : बेळगाव, पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, तिथून माघारी जांबोटी, मग खानापूर, नंदगड, हलशी आणि परत खानापूरवरून बेळगाव. सगळी मिळून सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. आकडा ऐकून लोक म्हणतात, तीन तासांचे काम. पावसात इथे सरासरी तासाला तीस किलोमीटर धरावे, थांबे वेगळे. साडेसहाला शहर सोडले तर साडेआठपर्यंत कणकुंबी, दहाच्या सुमारास जांबोटीत नाश्ता, बाराला खानापूर, दोनच्या आत हलशी आणि पाच वाजता घर. याहून घाई करायची असेल तर सहल कशाला, कामाला जावे.

पिरनवाडीत खानापूरचा रस्ता सरळ जातो, जांबोटीचा उजवीकडे फुटतो. कणकुंबी आधी आणि हलशी नंतर, हा क्रम उलटा करू नये. सकाळी पश्चिमेला जाताना सूर्य पाठीशी राहतो, हे एक. दुसरे म्हणजे कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाणारा हा रस्ता ही बेळगावची गोव्याला जाण्याची वाट आहे. रविवारी दुपार कलली की गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग याच अरुंद डांबरावर येते आणि प्रत्येकाला घर गाठायची घाई असते. त्या वेळी आपण खानापूर-हलशीकडे असावे. शक्य असेल त्याने रविवार टाळावा. मंगळवारचा कणकुंबीचा रस्ता आणि रविवारचा कणकुंबीचा रस्ता, हे दोन वेगळे रस्ते आहेत.

बेळगावात टाकी भरून घ्यावी आणि टायरची हवा तपासावी, पण ती थंड टायरला, दरवाजाच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याइतकीच. पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी करण्याची जी पद्धत आहे ती चुकीची आहे. हवा कमी झाली की टायरच्या खाचा दबतात, पाणी बाहेर फेकले जात नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगत घसरते. कायद्याने खाच १.६ मिलिमीटर असली तरी चालते. या रस्त्यावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घेऊन येऊ नये. वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते आणि पहिल्या पावसात काचेवर नुसत्या रेघा ओढते. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण ती बदलायची आठवण लोकांना कुसमळीत होते. जांबोटीच्या पुढे पंपाच्या भरवशावर राहू नये, फोनच्या रेंजच्या तर नाहीच.

आता पाणी. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई याच खानापूर तालुक्यात जन्मते आणि पश्चिमेला गोव्यात जाते. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, असे हे पाणलोटाच्या माथ्यावरचे ठिकाण आहे. त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीत आकाश कोरडे दिसले म्हणून वर काय चालले आहे ते कळत नाही. बेळगावात रिमझिम, जांबोटीत सर आणि कणकुंबीत समोरची गाडी दिसू नये असा पाऊस, हे एकाच सकाळी घडते. या भागातल्या लोकांची खूण सोपी आहे. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रालगत मारुतीचे देऊळ आहे. ते पाण्याखाली गेल्याची बातमी आपल्याच वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात येते. ती वाचली की कणकुंबीचा बेत पुढे ढकलावा. मारुती पाण्यात असेल तर आडरस्त्यांच्या फरश्याही पाण्यात असतात.

फरशीवर पाणी असेल तर काय करायचे, याबद्दल फार चुकीचे सल्ले फिरतात. पाणी स्थिर आहे की वाहते, हे आधी पाहावे. वाहते पाणी घोट्याच्या वर गेले की माणसाचे पाय सुटू शकतात. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते, कारण गाडी जड असली तरी आत हवा कोंडलेली असते. म्हणून फरशीच्या कडेचे दगड किंवा खांब दिसत नसतील तर थांबावे. ‘आत्ताच एक ट्रॅक्टर गेला’ हा पुरावा नव्हे. ट्रॅक्टरचे चाक आपल्या बॉनेटएवढे असते. पाणी स्थिर आणि चाकाच्या निम्म्याच्या आत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच लयीत, मध्ये गिअर न बदलता पार करावे. समोरची गाडी पलीकडे पूर्ण निघेपर्यंत आपली घालू नये, तिच्या लाटेने पाणी वाढते. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून चाके सुकवावीत.

आणि गाडी पाण्यातच बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नये. हा एक नियम पाळला तर निम्मी इंजिने वाचतील. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून काढली तर गाडी मेकॅनिककडे पाणी काढून सुरू होते. स्टार्टर मारून पाहिला तर इंजिन उतरवावे लागते.

साईडपट्टी ही इथली दुसरी फसवी गोष्ट. समोरून बस आली की बाहेरचा चालक सवयीने डावी चाके डांबराखाली उतरवतो. इथली तांबडी माती वरून घट्ट दिसते. पावसात आतून लोण्यासारखी झालेली असते आणि कडेला बहुधा चर असतो. चाक उतरले की गाडी कलते. त्यापेक्षा डांबरावरच पूर्ण थांबावे, बसवाल्याला जागेचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला असतो. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत बसू नये, ते स्वतःचाच खड्डा खोल करते. स्टेअरिंग सरळ करावे, ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांच्यामागे गोणपाट किंवा पायाखालच्या रबरी चटया घालाव्यात, माणसे उतरवावीत आणि आले त्याच वाटेने हळू मागे घ्यावी. डिकीत दोन रिकामी पोती आणि दहा-बारा फूट लांबीचा जाड दोर असला की ट्रॅक्टरवाल्याचेही काम सोपे होते. त्याला डिझेलचे आणि वेळेचे पैसे न मागता द्यावेत.

लावणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जुलैभर, एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाचे गोळे टाकत जातात. काही जण चिखलणीची लोखंडी जाळीची चाके (केजव्हील) न काढताच डांबरावर येतात, त्याने रस्ताही उखडतो. ही गोष्ट आपल्याच माणसांना सांगायला हवी. वळणावरचा असा चिखल दुचाकीला सर्वांत धोक्याचा. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की हँडल हातात राहत नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. पांढऱ्या पट्ट्यांवरून, गोठ्यासमोरच्या शेणावरून आणि डिझेलचे इंद्रधनुष्य दिसेल तिथून दुचाकी आडवी कलवू नये.

कणकुंबीला माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम पाहावा. गोव्यात उतरायचे नसेल तर चोर्ल्याच्या माथ्याकडून परत फिरावे. उतरायचेच असेल तर घाटाचा नियम जुनाच : ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे अजूनही आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जुने ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल नुसते आत जाते. जळक्या रबरासारखा वास आला की समजावे, ही त्याची सुरुवात आहे. रुंद जागा पाहून अर्धा तास थांबावे, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, आणि हँडब्रेक न लावता चाकाला दगड लावावा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा शिष्टाचार तर आहेच, वाहनचालनाच्या नियमांतही तसेच आहे.

धुक्यात लोक मोठा दिवा लावतात. धुके म्हणजे पाण्याचे कण. मोठ्या दिव्याचा उजेड त्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. छोटा दिवा, खालचे फॉगलॅम्प, आणि डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत, कारण मग गाडी वळणार की थांबलेली आहे हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नये. एसी लावून वारा काचेवर सोडावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चालू ठेवावे. एसी हवेतली ओल ओढून घेतो आणि काच मिनिटभरात साफ होते. फोटोसाठी वळणावर गाडी उभी करणाऱ्यांबद्दल काय लिहावे? धुक्यात उभ्या गाडीचा पांढरा रंग कुणालाच दिसत नाही, एवढे जरी लक्षात घेतले तरी पुरे.

फोनमधला नकाशा हा वेगळाच विषय आहे. त्याला जवळची वाट कळते, वाटेची जात कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले एक कुटुंब नकाशाच्या सांगण्यावरून शिरोली-हेमाडगा भागातल्या जंगलात शिरले आणि त्यांना रात्र गाडीत काढावी लागली. रेंज शोधत मागे चालत येऊन ११२ ला फोन लावला तेव्हा पोलीस पोहोचले. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, ते सुमारे १९० चौरस किलोमीटर पसरले आहे आणि त्याच्या आतले रस्ते लाकूड-गवतासाठी पडलेल्या गाडीवाटाही असू शकतात. खूण अशी ठेवावी : पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा म्हणजे राज्य महामार्ग. दगडच दिसेनासे झाले, डांबर संपून दोन चाकोऱ्या उरल्या आणि मध्ये गवत वाढलेले दिसले, तर नकाशा काहीही म्हणो, मागे फिरावे. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून आणावा आणि जांबोटीत एकदा माणसाला विचारावे. इथे मराठीत विचारले की मराठीत उत्तर मिळते.

पाट्यांचे मात्र तसे नाही, त्या बहुधा कन्नडमध्ये असतात. लिपी येत नसेल त्याने कुणाकडून तरी चार शब्द कागदावर लिहून घ्यावेत आणि डॅशबोर्डवर चिकटवावेत : सेतुवे म्हणजे पूल, तिरुवु म्हणजे वळण, अपाय म्हणजे धोका (हा तर आपलाच), आणि निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे पुरलेला ठेवा. कन्नडात ती हळू चालण्याची सूचना आहे, आणि पावसाळ्यात या रस्त्यावर दोन्ही अर्थ चालतात.

वज्रपोहा आणि चिखले हे धबधबे, बारापेडेच्या गुहा ही नावे यादीत वाचून लोक रस्त्यावरचे थांबे समजतात. ते तसे नाहीत. जंगलातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी घातली जाते, तपासणीला माणसे उभी असतात, आणि बारापेडेच्या गुहेत तर जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारे वटवाघूळ राहते. वनखात्याच्या खानापूर किंवा जांबोटीच्या कार्यालयात आधी विचारल्याशिवाय यातले काहीही बेतात धरू नये. धबधबा लांबून बघितला तरी धबधबाच असतो.

जांबोटी ते खानापूर अठराएक किलोमीटर. पुढे खानापूर हे मातीचे गाव : कौले, विटा, कुंभारकाम, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. असोग्याला मलप्रभेकाठी रामलिंगाचे देऊळ आहे. तिथे पाणी चढलेले असताना घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नये, शेवाळाने पाय सुटतो. नंदगड दहा-बारा किलोमीटरवर. कित्तूरच्या लढ्यातले सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे वडाच्या झाडाला फाशी दिले. ती जागा आणि समाधी दोन्ही पाहता येतात.

हलशीला मात्र तासभर तरी द्यावा. कदंब राजांच्या काळात हिचे नाव पलाशिका. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधल्या मंडपात उभे राहिले की एका बाजूला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला पृथ्वी उचललेला वराह. हे देऊळ बाराव्या शतकातले. गावात सुवर्णेश्वराचे पडके देऊळ आणि जैन बसदीही (मंदिर) आहे. दुपारी पुजारी घरी गेले की गाभारा बंद मिळतो, म्हणून दोनच्या आत पोहोचायचे. गाडी गावाबाहेर लावून चालत जावे; गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

केव्हा यावे? पाण्यासाठी जुलै-ऑगस्ट, पण वर लिहिलेले सगळे धोके तेव्हाच. आमच्या मते खरा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचा. धूळवाफेला (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरलेले आणि लावणीचे, दोन्ही भात पोटरीत आलेले असते, पठारावर फुले असतात, ओढे वाहतात पण फरश्या उघड्या पडलेल्या असतात. सुगीत यायचे तर एक लक्षात ठेवावे : काही गावांत मळणीसाठी भात रस्त्यावरच पसरतात. त्यावरून मोटार घातली की पिंजर, म्हणजे पेंढा, खाली अडकून तापलेल्या सायलेन्सरला लागतो आणि धूर निघतो. बाजूने जाता येत नसेल तर हॉर्न न वाजवता थांबावे, माणसे पेंढा सारून वाट देतात. पुढे लगेच उतरून गाडीखाली वाकून पाहावे.

कोणत्याही महिन्यात अंधार मात्र जांबोटीच्या पश्चिमेला पडू देऊ नये. गवे रस्त्यावर येतात. काळ्या अंगाचा, हजार किलोच्या घरातला प्राणी ओल्या डांबरावर दिसतच नाही, दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे मोजे. ते दिसले की लांब थांबावे, दिवा छोटा करावा, हॉर्न वाजवू नये. एक गेला म्हणून लगेच निघू नये, मागे कळप असतो. माकडांना बिस्किटे घालणाऱ्यांनी तीच बिस्किटे स्वतः खावीत.

बेळगावचा कुंदा सकाळी निघताना घेऊ नये. दिवसभर बंद गाडीत तो आंबतो आणि मग दुकानदाराला नावे ठेवली जातात. परतताना घ्यावा.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. जून ते सप्टेंबर दर शनिवारी चार ओळींची चौकट द्यावी : हब्बनहट्टीला पाणी किती, कुसमळी आणि चोर्ल्याच्या रस्त्याची स्थिती काय, जड वाहनांना बंदी आहे का, धबधब्यांवर मज्जाव आहे का. आपले वार्ताहर या प्रत्येक गावात आहेत, त्यांना हे रोज माहीत असते. छापून मात्र येते ते अपघात झाल्यावर. चौकटीला जागा लागत असेल तर धुक्याच्या दुलईतून काढावी.

पत्र लांबले आहे. कात्री लावावीच लागली तर असोगा काढा, कुंदा काढा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीची चावी फिरवू नये, ते वाक्य तेवढे ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, खानापूर